ज्यांचे रक्त मोजले नाही

बातमी आली त्या दुपारी धाकट्याने सलूनचे शटर अर्धे वर केले आणि खुर्चीला तेल घातले. महामारी सुरू झाल्यापासून त्या खुर्चीत कोणी बसले नव्हते. कात्र्यांना गंज चढला होता. वडिलांच्या वेळचा आरसा तेवढा त्याची बायको अधूनमधून पुसायची, म्हणून त्यात तोंड दिसत होते.

धाकट्याच्या पोटात मोठ्या बहिणीची किडनी होती. शरीराने ती परकी समजून झिडकारू नये म्हणून तो रोज गोळ्या घेई. त्या गोळ्या शरीराची लढण्याची ताकदच दाबून ठेवतात. ज्याला साधी सर्दी महागात पडते त्याने गिऱ्हाइकाच्या नाकाशी नाक लावून दाढी करायची नाही, हे डॉक्टरांनी महामारीच्या पहिल्याच महिन्यात सांगितले होते. तेव्हापासून तो घरात होता. घर त्याच्या बायकोच्या, म्हणजे बहिणीच्या भावजयीच्या, नोकरीवर चालले होते.

बातमी अशी होती: बूस्टर घेतलेल्यांच्या रक्तापुढे विषाणूच्या नव्या प्रकाराचेही फारसे चालत नाही, असे सरकारी संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसले होते. तपासणी ताईच्या दालनात, म्हणजे ती चालवत असलेल्या प्रयोगशाळेत, झाली होती. ताई म्हणजे ती बहीण. एकदा धाकटा तिचा विसरलेला डबा घेऊन संस्थेत गेला आणि दारातून त्याने हाक मारली. तेव्हापासून तिथेही सगळे तिला ताईच म्हणत.

संध्याकाळी ती सलूनच्या उंबऱ्याशी येऊन थांबली. मास्क लावून, नेहमीसारखी चार हात लांब.

"सोमवारी उघडतोय," धाकटा म्हणाला.

"डॉक्टरांना विचारलंस?"

"विचारलं. ते म्हणाले, बातमी चांगली आहे. बातमी कुणाची? तुझी. आता तुझ्या बातमीबद्दल तुलाच विचारू?"

"बातमी संस्थेनं दिली."

"आकडा तुझा ना?"

"आकडा माझा."

"झालं तर." त्याने हात फडक्याला पुसले. "किडनी तुझी, आकडा तुझा. बिघडलं काही तर वॉरंटीत बदलून देशील."

"एकच उरलीय त्यांच्याकडे," आतून भावजय म्हणाली. "तीही मागून घ्या."

ताई हसली. पण घरी जाताना तिच्या डोक्यात एक गोष्ट टोचत राहिली. सकाळी दालनात एक थट्टा झाली होती, ती.

थट्टा सोनारने केली होती. सोनार हा तिचा तंत्रज्ञ. एकेक थेंब तोलूनमापून टाकायच्या त्याच्या सवयीमुळे त्याला ते नाव पडले होते. नमुन्यांचे सांकेतिक क्रमांक उघडल्यावर तो म्हणाला होता, "ताई, तुमचं रक्त विकायला काढा. सगळ्यांत वरचा नंबर तुमचा आहे."

दालनात काम चालायचे ते असे. प्लास्टिकच्या थाळीतल्या बारीक खळग्यांमध्ये जिवंत पेशी वाढवायच्या. लस घेतलेल्या माणसाच्या रक्तातले पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, विषाणूत मिसळून त्यांच्यावर सोडायचे. मग सीरम अधिकाधिक पातळ करत जायचे. किती पातळ होईपर्यंत ते विषाणूला अडवते, तो झाला आकडा. नवा प्रकार आल्यावर जगभरातल्या प्रयोगशाळांत हा आकडा धाडकन खाली आला होता. इथे तो जेमतेम हलला. संचालक बैठकीत म्हणाले होते, आपल्याकडच्या लोकांचे हात चांगले आहेत. ते ऐकून कुणाला वाईट वाटले नव्हते.

रक्त कुणाचे होते? दालनातल्याच लोकांचे. नवा विषाणू गोठवलेल्या कुपीतून आला तेव्हा घाई होती. बाहेरच्या लोकांचे रक्त मिळवायला परवानग्या लागतात; कर्मचाऱ्यांनी असल्या कामासाठी रक्त द्यायची परवानगी आधीच देऊन ठेवलेली होती. सगळ्यांनी एकाच सुमारास बूस्टर घेतला होता. दर आठवड्याला नाकातला नमुना तपासला जाई, आणि कधी कुणी बाधित निघाले नव्हते. त्यामुळे अहवालात त्यांच्या गटाला नाव पडले: बूस्टर घेतलेले, लागण कधीच न झालेले.

ताई वयाने त्या गटात सगळ्यांत मोठी. एक किडनी काढलेली. तरण्या पोरांना मागे टाकून तिचाच आकडा वर का?

दुसऱ्या दिवशी तिने सोनारला उरलेले सीरम फ्रीझरमधून काढायला सांगितले.

"कशासाठी?"

"आतल्या प्रथिनाची चाचणी लाव. सगळ्यांवर."

सोनारला ते आवडले नाही, पण त्याने हातमोजे चढवले. त्यांनी घेतलेली लस विषाणूच्या बाहेरच्या काट्यांचीच ओळख शरीराला करून देते. विषाणूच्या आतल्या भागाविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात सापडली, तर ती लशीने दिलेली नसतात. ती खऱ्या विषाणूने दिलेली असतात. ही चाचणी करायचे किट दालनात मांडणीवरच पडून होते. ते वापरायचे कुणाच्या मनातही आले नव्हते. अंगभर सूट घालून, हवा गाळणाऱ्या कपाटात हात घालून जे दिवसभर विषाणू वाढवतात, त्यांना तो लागेल कसा? हीच माणसे दुपारी बिनखिडकीच्या जेवणघरात गुडघ्याला गुडघा लावून बसत, मास्क हनुवटीखाली ओढत आणि क्रिकेटवरून भांडत.

निम्म्याहून जास्त खळग्यांत रंग चढला.

"किट खराब असेल," सोनार म्हणाला.

"कंट्रोल बघ. ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे ते खळगे."

त्याने थाळी उजेडात धरली. बराच वेळ धरली. "कंट्रोल बरोबर आहेत."

"मग किट बरं आहे. खराब आपण आहोत."

रंग चढलेल्यांत ताईही होती, सोनारही होता. कुणाला ताप आला नव्हता. दोन दिवस घसा खवखवला असेल, आणि दोन आठवडी तपासण्यांच्या मधल्या फटीतून दुखणे येऊन गेले असेल. आपला घसा खवखवला त्या आठवड्यात आपण धाकट्याकडे गेलो होतो का, हे ताईने आठवून पाहिले. आठवेना. तिने तो विचार बाजूला ठेवला. धाकटा जिवंत होता, आणि सोमवार तोंडावर आला होता.

लागण होऊन गेलेल्यांचे नमुने वगळून तिने पुन्हा हिशेब मांडला. जे थोडे उरले त्यांच्यात आकडा इतर देशांत आला होता तसाच, धाडकन खाली आला होता. म्हणजे जाहीर झालेली ताकद एकट्या बूस्टरची नव्हती. बूस्टर आणि गुपचूप येऊन गेलेला विषाणू, दोघांची मिळून होती.

संचालकांनी तिचे दोन्ही कागद, चाचणीचा आणि नव्या हिशेबाचा, वाचले. ते मूर्ख नव्हते. त्यांना एका वाचनात सगळे कळले, आणि म्हणूनच त्यांचा चेहरा उतरला.

"उद्याचा मथळा मी तुम्हाला आत्ता सांगतो," ते म्हणाले. "बूस्टर कुचकामी. अजून अर्ध्या लोकांनी घेतलेला नाही. ते आता घेणारही नाहीत. त्यातले काही मरतील. ते कुणाच्या नावावर टाकायचे?"

"कुचकामी नाही, सर. लागण थांबवायला कमी पडतो. माणूस गंभीर आजारी पडण्यापासून अजूनही वाचवतो. रुग्णालयांची माहिती तेच सांगतेय. दोन वाक्यं आहेत. दोन्ही छापायची."

"लोकांना एकच कळतं."

"मग आपण त्यांना चुकीचं एक दिलंय."

संचालक उठून खिडकीशी गेले. "पुढच्या अहवालात दुरुस्ती घालू. शांतपणे."

"शांतपणे म्हणजे कुणाच्या लक्षात येणार नाही असं?"

"शांतपणे म्हणजे शांतपणे. तुमचा भाऊ सोमवारी दुकान उघडतोय म्हणून देशाचं धोरण..."

"भाऊ मधे आणू नका."

"मी आणला? साऱ्या संस्थेला माहीत आहे तो."

"बरं, मग आणू या. त्याच्यासारखे किती जण ही बातमी वाचून सोमवारी कुठेकुठे जायला निघालेत, ते तुम्हाला ठाऊक आहे? मला नाही. त्यांना पुढचा अहवाल दाखवायला आपण कुठल्या वॉर्डात जाणार आहोत?"

तिने दुरुस्तीचा मसुदा टेबलावर ठेवला. "आज संध्याकाळी हा बाहेर जातोय. तुमच्या सहीनं गेला तर संस्थेची शोभा राहील. नाहीतर माझ्या सहीनं जाईल."

"मग दालन तुमच्याकडे राहणार नाही. सोनारकडे देईन."

"द्या. त्याचीही सही आहे खाली."

संचालकांनी मसुदा उलटून पाहिला. सही होती. सोनारची सही, त्याच्या कामासारखीच, रेघेवर नीट बसवलेली.

दुरुस्ती त्या संध्याकाळी गेली, संचालकांच्या सहीशिवाय. एका वर्तमानपत्राने नेमका संचालकांनी सांगितलेला मथळा छापला. ताईने संपादकांना फोन करून दुसरे वाक्य वाचून दाखवले. ते एका दिवसाने आतल्या पानावर, जाहिरातीच्या खाली आले. दालनाच्या दारावरची तिच्या नावाची पाटी निघाली. ती रोजच्या वेळेला कामावर जात राहिली आणि सोनारच्या हाताखाली बसून थाळ्या वाचू लागली. पहिल्या दिवशी सोनार तिच्याशी बोलताना सारखा खुर्चीवरून उठून उभा राहत होता. शेवटी ती त्याच्यावर ओरडली.

दुरुस्ती गेली त्याच रात्री, जेवणाआधी, ती धाकट्याला सांगायला गेली होती. तो सलूनमध्ये होता. जुन्या गिऱ्हाइकांना फोन करून झाले होते, नव्या पांढऱ्या कापडांची घडी मांडणीवर ठेवली होती.

"म्हणजे उघडू नको," ऐकून घेऊन तो म्हणाला.

"तसं नाही म्हणत. ज्या आकड्यावर उघडतोयस तो खरा नाही, एवढंच."

"मग खरा सांग."

तिने सांगितले. बूस्टर घेतलेल्याला नव्या प्रकाराची लागण होऊ शकते, सहज होऊ शकते. पण बहुतेक जण घरीच बरे होतील.

"बहुतेक जण," तो म्हणाला. "आणि मी?"

तिने मास्क नाकावर नीट दाबला.

"तुझ्या त्या नळ्यांत माझ्यासारखा एक तरी होता?"

"नाही."

"चुकीच्या आकड्यात नव्हता. बरोबर आकड्यात?"

"त्यातही नाही."

धाकटा हसला. चांगले हसणे नव्हते ते. "वा. साहेबांशी भांडलीस, पाटी घालवायला निघालीस, आणि मी होतो तिथेच."

"तुझ्यासारख्या गोळ्या घेणाऱ्यांवर बाहेर काम झालंय. जुन्या प्रकारावर झालंय. त्यात बऱ्याच जणांमध्ये लस म्हणावी तितकी..."

"बाहेर. जुन्या. बऱ्याच जणांमध्ये. म्हणावी तितकी." त्याने एकेक शब्द बोटांवर मोजला. "ताई, मी असं बोललो तर गिऱ्हाईक अर्ध्या दाढीत उठून जाईल."

"मग काय करू? खोटं बोलू?"

"रक्त घे माझं."

"असं घेता येत नाही."

"तुमचं तुम्हाला घेता आलं."

"आमची परवानगी होती. रुग्णांसाठी नीतिसमितीची मंजुरी लागते. ती महिन्यातून एकदा बसते, आणि उद्यापासून माझं तिथं कोणी ऐकणार नाही."

"मग मी जातो."

"कोण म्हणून जाशील?"

"ज्याला मोजलं नाही तो म्हणून."

भावजय दारात येऊन उभी होती. "आणि सोमवारचं काय?" तिने विचारले. फोन तिनेही केले होते. मैत्रिणींच्या नवऱ्यांना, मुलांना.

धाकट्याने स्वतःच्या हाताने शटर खाली ओढले. "सोमवारी बंद. घाबरून नाही. मापच नसेल तर मी कात्री लावत नाही."

पुढचे आठवडे तो रुग्णालयातल्या तपासणीच्या रांगेत बसून बोलत राहिला. बोलणे हा त्याचा धंदाच होता. मोकळी खुर्ची आणि रिकामा कान त्याला कधी सहन झाला नव्हता. किडनी बदललेले, यकृत बदललेले, रक्ताच्या कर्करोगाची औषधे घेणारे. एक निवृत्त शिक्षिका होती, तिला सगळे बाई म्हणत. महामारी सुरू झाल्यापासून तिने नातवंडाला काचेपलीकडूनच पाहिले होते. बूस्टर तिनेही घेतला होता. "मला घरचे सांगतात, आता भ्यायचं कारण नाही," ती म्हणाली. "मी विचारते, कारण नाही हे कुणी बघितलं? तर म्हणतात, तू फार प्रश्न विचारतेस. जन्मभर पगार त्याचाच घेतला मी."

अर्ज बाईंनी लिहिला. तो अर्ज संस्थेत गेला आणि तिथेच पडून राहिला. मग एका सकाळी ते सगळे संस्थेत गेले. लांबच लांब ओसरीवर, खिडक्या उघडून, मास्क लावून, एकमेकांपासून अंतर ठेवून बाकांवर बसले. पहारेकऱ्याने काय काम आहे विचारले. धाकटा म्हणाला, रक्त द्यायला आलोय. रक्तपेढी पलीकडे आहे, पहारेकरी म्हणाला. आमचं तिथं घेत नाहीत, धाकटा म्हणाला.

थोड्या वेळाने संचालक बाहेर आले. त्यांनी धाकट्याला ओळखले असावे. बहिणीसारखीच हनुवटी होती.

"हे असं चालत नाही," ते म्हणाले. "रीतसर अर्ज करा."

"केलाय. तुमच्या टेबलावर आहे," बाई म्हणाल्या. "वाचून झाला की सांगा. आम्हाला घाई नाही."

"अहो, तुम्ही आजारी माणसं. इथं येणाऱ्या-जाणाऱ्यांची वर्दळ आहे. इथं बसण्यात तुम्हालाच धोका आहे."

"किती?" धाकट्याने विचारले.

"काय किती?"

"धोका किती आहे, साहेब? बूस्टर घेतलाय आम्ही सगळ्यांनी. आता आम्हाला या नव्या प्रकाराचा धोका किती? आकडा सांगा, आत्ता उठतो."

दालनाचे दार किलकिले झाले होते आणि त्यात सोनारचा चष्मा दिसत होता. ताई आत थाळीपुढे बसून होती. मुद्दामच बाहेर आली नव्हती.

"आकडा नाही," संचालक अखेर म्हणाले.

"म्हणूनच बसलोय."

समितीची खास बैठक बसली. ती संचालकांनी बोलावली, हे नोंदवले पाहिजे. नंतर त्याचे श्रेयही त्यांनी घेतले, तेही नोंदवले पाहिजे. मंजुरी मिळाली, रुग्णालयातल्या परिचारिकेने रक्त काढले, आणि नळ्या दालनात आल्या. सोनारने त्या ताईच्या पुढ्यात ठेवल्या.

"हे तुम्हीच करायचं," तो म्हणाला. "मी फक्त प्रमुख आहे."

तिने केले. नमुन्यांवर फक्त सांकेतिक क्रमांक होते, कुठला धाकट्याचा ते तिला माहीत नव्हते. या वेळी आतल्या प्रथिनाची चाचणी आधी लावली. काही नमुन्यांत सीरमने नव्या विषाणूला थोडेफार अडवले. बऱ्याच नमुन्यांत सगळ्यांत दाट सीरमही काही करू शकले नाही. थाळीतल्या पेशी सरसकट मेल्या. क्रमांक उघडले तेव्हा धाकटा त्या बऱ्याच जणांत निघाला. सोनारने न सांगता त्याचा नमुना पुन्हा लावला. उत्तर तेच आले.

रुग्णांना त्यांचा आकडा सांगायचा, असे अर्जातच लिहून घेतले होते. बाईंनी त्या वाक्याखाली रेघ मारली होती. ताईने भावाला फोनवर सांगितले नाही. घरी जाऊन, उंबऱ्यावर उभी राहून सांगितले. "तुझ्यात बूस्टरनं काही उठलेलं दिसत नाही. नव्या प्रकाराविरुद्ध तर नाहीच."

"काहीच नाही?"

"आम्हाला दिसलं असं काही नाही. प्रतिपिंडं म्हणजे सगळी ताकद नव्हे, दुसऱ्या पेशीही लढतात. पण त्या आम्ही मोजल्या नाहीत, म्हणून त्यांच्या भरवशावर मी तुला काही सांगणार नाही."

त्याने हातातले गोळ्यांचे पाकीट बाजूला ठेवले. मग म्हणाला, "आता बोललीस नीट."

भावजय आत निघून गेली. थोड्या वेळाने बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि आवाज करडा होता. "सोमवारी उघडलं असतं यांनी," ती म्हणाली. "हसत हसत."

या गटाला आणखी एक मात्रा द्यावी, असे रुग्णालयाने त्या निकालांवरून ठरवले. मात्रेनंतर पुन्हा रक्त घेतले. बाईंचा आकडा चांगला वर आला. काहींचा जागचा हलला नाही. धाकट्याचा वर आला तो इतका थोडा की सोनारने दोनदा मोजल्याशिवाय तो लिहिला नाही. डॉक्टर म्हणाले, याच्यावर विसंबू नका. घसा दुखला तरी त्याच दिवशी या, लवकर दिले तर गुण येणारे औषध आता निघाले आहे. सलून उघडू का, याचे उत्तर त्यांनी दिले नाही. धाकट्याने ते मागितलेही नाही.

त्याने सुताराला बोलावून दर्शनी काच काढून टाकली. खुर्ची आतल्या भिंतीपासून उपसून अगदी रस्त्याच्या कडेला आणली, वाहत्या हवेत. दुसरी खुर्ची विकली. एका वेळी एक गिऱ्हाईक, दाढी बंद, मास्क दोघांना. ताईने येऊन सगळे पाहिले आणि पंखा उलट्या बाजूला लावायला सांगितला.

पहिले गिऱ्हाईक जुनेच होते, जाडे आणि बडबडे. बसल्या बसल्या त्याने मास्क खाली ओढला.

"वर घे," धाकटा म्हणाला.

"अरे, बूस्टर घेतलाय मी."

"मीही घेतलाय. आणि वर अजून एक. तुझा चालतो. माझा थोडासा चालतो."

"थोडासा म्हणजे?"

"म्हणजे मास्क वर."

"आणि दाढी?"

"घरी कर."

"हे काय सलून झालं?" गिऱ्हाइकाने आरशातून त्याच्याकडे पाहिले. "पलीकडच्या गल्लीत सगळं करतात. तोंडाला काही बांधावं लागत नाही."

"जा की मग."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला, त्याची धूळ थेट खुर्चीपर्यंत आली. गिऱ्हाइकाने डोळे चोळले. मग त्याने कुरकुरत मास्क नाकावर चढवला. धाकट्याने त्याच्या मानेभोवती पांढरे कापड गुंडाळले, कानामागे अडकलेली मास्कची दोरी बोटाने बाजूला केली आणि कात्री लावली.